पंधरा मेगावॉटचं लहानपण

तीन-चार वर्षांपूर्वी आजरा तालुक्यातल्या एका गावात मी एका कागदावर सही होताना पाहिली. माझा एक मित्र तेव्हा घरगुती बायोगॅसच्या सर्वेक्षणांवर देखरेख करायचा. त्याच्या गाडीत बसून मी गेलो होतो; काम काहीच नव्हतं, नुसती हौस. घर चार म्हशींचं. गोठ्यामागे जमिनीत पुरलेली दोन घनमीटरची गोबरगॅसची टाकी आणि तिच्या तोंडाशी शेण कालवायचा छोटा हौद. रोज पन्नासेक किलो शेण, जवळपास तेवढंच पाणी, हाताने कालवून आत सोडायचं. पलीकडून स्लरी बाहेर येते, ती उसाला जाते.

सर्वेक्षणाच्या पोराने टॅबवर टाकीचा फोटो काढला, शेगडीचा काढला. अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले गेले. शेगडी रोज किती तास पेटते, चूल अजून पेटवता का, कशासाठी, असं विचारून झालं. मग त्याने दोन पानी कागद पुढे केला. कागद इंग्रजीत. या टाकीमुळे जी उत्सर्जन-कपात होईल तिच्यावरचा सगळा हक्क आम्ही अमुक कंपनीला देत आहोत, असा त्याचा मथितार्थ.

"मावशी, तुमचा धूर कमी झाला ना, त्याचे पैसे कंपनीला बाहेरच्या देशातनं मिळतात. म्हणून तर टाकी तुम्हाला एवढी स्वस्तात बसली."

"म्हंजे आमचा धूर इकतायसा?"

"धूर न्हाई मावशी. जो झालाच न्हाई तो."

मावशींनी त्याच्याकडे नीट पाहिलं, हा पोरगा चेष्टा करतोय की काय अशा नजरेने, आणि पदराला हात पुसून सही केली. "न्हाई झालेला धूर व्हय? इका की मग. किती पायजे तेवढा इका."

परतताना गाडीत आम्ही खूप हसलो. पण हसून झाल्यावर मला जाणवलं की कार्बनच्या व्यापारातला सगळ्यात अवघड प्रश्न मावशींनी जाता जाता विचारून टाकला होता. जी गोष्ट घडलीच नाही ती मोजायची कशी? आणि मोजता आली, तर ती कोणाची?

मला इथे या प्रश्नाचा एक कोपराच धरायचा आहे: या व्यापारात 'लहान' कोणाला म्हणतात. कारण लहान ठरलात की सवलती मिळतात. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या सवलती बहुतांशी जे लहान नव्हते त्यांनीच पदरात पाडून घेतल्या, असं माझं म्हणणं आहे.

थोडी मागची हकिकत सांगावी लागेल. १९९७च्या क्योटो करारात श्रीमंत देशांनी आपलं उत्सर्जन ठरावीक प्रमाणात खाली आणायचं कबूल केलं आणि त्यातला काही भाग गरीब देशांत कपात करून भरून काढायची सोय करून घेतली. तिचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, बोलीत सीडीएम. भारतात कोणी पवनचक्की उभारली आणि त्यामुळे कोळशाची वीज कमी लागली, तर वाचलेल्या प्रत्येक टनामागे एक क्रेडिट मिळायचं. ते युरोपातला कारखाना विकत घ्यायचा. २००१ मध्ये माराकेशला या यंत्रणेची नियमावली ठरली, तेव्हाच कोणीतरी शहाणपणाने म्हटलं की एवढी कागदपत्रं, एवढे तपासनीस आणि एवढा खर्च लहान प्रकल्पांना झेपायचा नाही. त्यांना वेगळी, सुटसुटीत वाट हवी.

हेतू उत्तम होता, पण मग लहान म्हणजे काय ते लिहायची वेळ आली. ठरलं ते असं: अक्षय ऊर्जेचा प्रकल्प असेल तर १५ मेगावॉटपर्यंत. ऊर्जाबचतीचा असेल तर वर्षाला १५ गिगावॉट-तास, म्हणजे दीड कोटी युनिटपर्यंत. २००६च्या नैरोबीच्या हवामान परिषदेत ही मर्यादा चौपट करून ६० केली. बाकी सगळ्या प्रकारांना वर्षाला ६० हजार टन कपातीची मर्यादा. या रेषेच्या आत असलात की अर्ज छोटा, मोजणीच्या पद्धती सोप्या, नोंदणीचा काळ निम्मा. प्रकल्प मान्य करणारा आणि नंतर त्याची कपात तपासणारा तपासनीस एकच चालतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'क्रेडिटचे पैसे नसते तर हा प्रकल्प उभाच राहिला नसता' हे सिद्ध करताना एकच अडचण दाखवली तरी पुरतं: पैशाची, तंत्रज्ञानाची, प्रचलित पद्धतीची किंवा आणखी कुठली.

आता पंधरा मेगावॉट म्हणजे किती? सरकारी आकड्यांपेक्षा हिशेबानेच पाहू. पवनचक्की वर्षाच्या साधारण वीस टक्के क्षमतेने चालते असं धरलं, तर पंधरा मेगावॉटचा प्रकल्प वर्षाला दोन कोटी साठ लाख युनिट देतो. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे नऊशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला जायचा. म्हणजे वर्षाला तेवीस-चोवीस हजार टन. दोन घनमीटरची गोबरगॅस टाकी वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास धरली जाते. एका 'लहान' पवनचक्की प्रकल्पात मावशींसारखी साडेसहा हजारांहून जास्त घरं मावतात. खर्चाच्या बाजूनेही बघा: त्या काळात वाऱ्याच्या एका मेगावॉटला पाच-सहा कोटी लागायचे. म्हणजे ७५ ते ९० कोटींची गुंतवणूक करणारा माणूस या नियमात लहान.

आपल्याकडे लघुउद्योगाची व्याख्या करताना सरकार यंत्राच्या ताकदीकडे बघत नाही, गुंतवणूक आणि उलाढालीकडे बघतं. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत सूक्ष्म उद्योग म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल. ही व्याख्याही कोणाला सैल वाटेल, पण निदान ती माणसाला विचारते की बाबा, तुझी ऐपत किती. सीडीएमची व्याख्या विचारते, तुझ्या यंत्राची ताकद किती. मालक कोण, त्याची आणखी किती यंत्रं कुठे कुठे फिरतायत, तो सूतगिरणीवाला आहे की सराफ की औषध कंपनी, याच्याशी तिला कर्तव्य नाही.

असं नाही की नियम करणाऱ्यांना माणूस लिहिता येत नव्हता. २००३ मध्ये मिलानच्या परिषदेत वृक्षलागवडीच्या लहान प्रकल्पांची व्याख्या झाली, तीत स्पष्ट म्हटलं आहे की प्रकल्प अल्प उत्पन्न असलेल्या समुदायांनी किंवा व्यक्तींनी राबवलेला हवा, आणि अल्प उत्पन्न कशाला म्हणायचं ते त्या त्या देशाने ठरवायचं. झाडांच्या बाबतीत जे वाक्य लिहिता आलं ते विजेच्या बाबतीत का लिहिलं नाही, याचं मला सुचणारं उत्तर एवढंच की झाडांच्या प्रकल्पांत कोणाला फारसा पैसा दिसत नव्हता.

साताऱ्याहून पाटणकडे पठारावर चढलं की वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दिसतात. तिथे, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला, सांगलीच्या ढालगावला वाऱ्याचा धंदा एका ठरावीक पद्धतीने वाढला. यंत्रं बनवणारी कंपनी जागा शोधायची, रस्ता-वाहिनी करायची, आणि एकेक-दोन-दोन यंत्रं वेगवेगळ्या गुंतवणूकदारांना विकायची. गुंतवणूकदाराला वाऱ्याचं काही पडलेलं नसायचं. त्याला घसाऱ्याची सवलत हवी असायची: पहिल्याच वर्षी किमतीच्या ऐंशी टक्के रक्कम नफ्यातून वजा. दहा कोटींचं यंत्र घेतलं की आठ कोटी त्याच वर्षी वजावट. त्यातही यंत्र सप्टेंबरअखेर चालू झालं नाही तर त्या वर्षी सवलत निम्मी. म्हणून या पठारांवर सप्टेंबरात आणि मार्चमध्ये जी धावपळ असायची ती वाऱ्याच्या हंगामापेक्षा सीएच्या वहीशी जास्त जुळायची.

हे करण्यात बेकायदा काहीच नव्हतं. सरकारलाच पवनचक्क्या हव्या होत्या म्हणून सवलत होती. पण तोच गुंतवणूकदार दुसऱ्या हाताने सीडीएमचा अर्ज करायचा, आणि अर्जात लिहायचा की अडचणी एवढ्या आहेत की कार्बन क्रेडिटशिवाय हा प्रकल्प शक्यच नाही. एक अडचण पुरत होती, आणि एक अडचण कोणालाही सापडते. २०२१ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या पवनऊर्जा प्रकल्पांचाच बारकाईने अभ्यास केला. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली जे क्रेडिट नसतं तरीही बहुधा उभे राहिलेच असते. म्हणजे पठारावर पाती खरी फिरत होती, वीज खरी येत होती, आणि तरी 'न झालेला धूर' म्हणून विकलेला निम्मा माल मुळात होणारच नव्हता. तो विकत घेणाऱ्या युरोपातल्या चिमणीतून मात्र खरा धूर बाहेर पडत होता.

नियमावलीत एक जागल्या होता. मोठा प्रकल्प तोडून त्याचे लहान लहान तुकडे दाखवायचे, ही युक्ती सगळ्यांना आधीच सुचली होती. म्हणून नियम केला: प्रकल्पाचे भागीदार तेच, प्रकार आणि तंत्र तेच, दोन वर्षांच्या आत नोंदवलेला दुसरा लहान प्रकल्प, आणि दोघांच्या हद्दींत एक किलोमीटरपेक्षा कमी अंतर, या चारही गोष्टी जुळल्या तर तो तुकडा समजायचा. आणि तरीही दोन्ही मिळून मर्यादेत बसत असतील तर माफ. वाचायला कडक वाटतं. पण पहिलीच अट बघा, भागीदार तेच. ज्या पठारावर एकाच कंपनीने चाळीस जणांना यंत्रं विकली तिथे भागीदार चाळीस आहेत. ओळीने उभ्या असलेल्या पात्यांची सावली एकमेकींवर पडते, कागदावर मात्र त्यांची ओळखदेख नाही. जमिनीची वाटणी करून कमाल धारणेच्या कायद्यातून सुटलेली घराणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता दुसरं टोक. जे खरोखर लहान होते त्यांचं काय झालं?

कर्नाटकातल्या बागेपल्लीचं उदाहरण या क्षेत्रातला जो तो देतो, आणि देण्यासारखंच आहे. तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. तिथल्या एका स्वयंसेवी संघटनेने साडेपाच हजार घरांत दोन घनमीटरच्या टाक्या बांधायचा प्रकल्प मांडला आणि डिसेंबर २००५ मध्ये तो नोंदला गेला. साडेपाच हजार स्वयंपाकघरं मिळून एक 'लहान प्रकल्प'. म्हणजे नियमाच्या भाषेत एकटी बाई लहानसुद्धा नाही, ती कोणीच नाही. ती साडेपाच हजार जणींबरोबर मोळीत बांधली गेली तर एक लहान होते. वाऱ्याचा गुंतवणूकदार एकट्याने दारात उभा राहू शकतो.

बागेपल्ली नोंदली गेली आणि त्याच सुमाराला दार मिटलं. कारण मासलेवाईक आहे. चुलीत लाकूड जळतं, लाकूड वाचलं म्हणजे जंगल वाचलं, आणि असलेलं जंगल वाचवणं हे सीडीएममध्ये बसत नव्हतं. फक्त नवी झाडं लावणं बसत होतं. सबब सरपण वाचवणारे प्रकल्प अपात्र. मोजणीची पद्धत नव्याने बसवायला २००८ उजाडलं. या दोन-सव्वादोन वर्षांत कार्बनच्या बाजाराची सगळ्यात चांगली सुगी होती. २००८च्या मध्याला एका टनाला वीस युरोंहून जास्त भाव होता. त्याच काळात गुजरातेतल्या शीतकवायूच्या कारखान्यात एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू जाळून क्रेडिटचे डोंगर उभे राहत होते. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट उष्णता धरतो असा हिशेब होता, म्हणून तो एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट, म्हणजे साडेतीन टनांच्या हिशेबाने तीन हजारांवर घरांची वर्षभराची गोबरगॅस. युरोपने त्या क्रेडिटला बंदी घातली ती २०१३च्या मे महिन्यात, तोवर भाव एका युरोच्याही खाली घसरला होता. चुलीवाल्या बाया बाजारात पोचल्या तेव्हा पालं उठली होती.

नव्या पद्धतीत काढलेली पळवाटही ऐकण्यासारखी आहे. जंगल मोजायचं नाही ना, मग असं समजायचं की ही बाई जेवढी उष्णता लाकडापासून घेते तेवढी ती रॉकेलसारख्या इंधनापासून घेणार होती. म्हणून वाचलं ते रॉकेल. जिच्या घरात रॉकेल फक्त कंदिलापुरतं आणि चूल पेटवायला थेंबभर येत होतं, तिने कागदावर रॉकेलवर अख्खा स्वयंपाक केला. मला ही थट्टा वाटत नाही. नियमाला दार किलकिलं करायचं होतं आणि चौकट बदलता येत नव्हती, तेव्हा कोणीतरी सुताराने बिजागरी वाकवली. पण ज्या यंत्रणेला बाईचं स्वयंपाकघर आहे तसं पाहता येत नाही, तिची व्याख्या स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही एवढं नक्की.

पुढे सुधारणा झाल्या, त्या नाकारून चालणार नाही. अनेक लहान प्रकल्प एका छत्राखाली घ्यायची सोय झाली, त्यात घरं हळूहळू वाढवता यायची. २०१०च्या सुमाराला 'सूक्ष्म' असा आणखी एक वर्ग आला, पाच मेगावॉटपर्यंतचा; त्यात घरोघरच्या छोट्या यंत्रांना 'क्रेडिटशिवाय शक्य नव्हतं' हे सिद्ध करायची गरजच ठेवली नाही. वर्षाला पंधरा हजार टनांच्या आतल्या प्रकल्पांना नोंदणी फी ठेवली नाही. हे सगळं योग्य दिशेचं होतं. पण फी माफ झाली तरी तपासनिसाचा खर्च माफ होत नाही, तो लाखांत जातो. साडेतीन टनवाल्या घराला तो परवडावा म्हणून हजारो घरं लागतात, हजारो घरं गोळा करायला कंपनी लागते, आणि कंपनी आली की इंग्रजी कागद येतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग करा सगळे नियम सैल, द्या गरिबांना क्रेडिट. नाही. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे.

सीडीएमची पडझड झाल्यावर घरगुती चुली आणि बायोगॅसचे प्रकल्प ऐच्छिक बाजारात गेले. विमान कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या आपखुशीने क्रेडिट घेतात तो हा बाजार. तिथे सुधारित चुलींची चलती झाली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रकल्पांचा नमुना तपासला, तेव्हा खऱ्या कपातीच्या सरासरी नऊपट क्रेडिट वाटली गेल्याचं दिसलं. कारणं आपल्या गावात राहणाऱ्या कोणालाही सुचली असती. नवी चूल दिली म्हणजे जुनी मोडली असं नसतं. भाकरीला चूल, चहाला गॅस, आंघोळीच्या पाण्याला बंब, असा संसार चालतो. सर्वेक्षणाचा पोरगा विचारतो तेव्हा बाई त्याला बरं वाटेल असं उत्तर देते, दिलेली वस्तू परत नेतील ही धास्तीही असते.

आणि तिसरं कारण सरपणाचं. लाकडातला किती भाग असा की जो तोडल्यावर परत उगवत नाही, तेवढाच मोजायचा असतो. अनेक प्रकल्पांनी हा भाग ऐंशी-नव्वद टक्के धरला. विदर्भातल्या घरात जाऊन बघा काय जळतं: पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या. आमच्या कोल्हापुराकडे उसाचा पाला आणि शेणी. पऱ्हाटी दरवर्षी शेतात परत उगवते. ती जाळली म्हणून जंगल कमी होत नाही. तिचा धूर बाईच्या छातीत जातो हे खरं, आणि तो थांबवायला हवा हेही खरं, पण छातीतला धूर आणि वातावरणातला टन ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्याचं दुःख दाखवून दुसऱ्याची पावती फाडणं ही लबाडीच आहे, लाभार्थी गरीब असला तरी. शिवाय उज्ज्वलानंतर घराघरात सिलिंडर आहे. आज गोबरगॅस बसवली तर कित्येक ठिकाणी वाचतं ते सरपण नव्हे, सिलिंडर. तो हिशेब वेगळा, आणि बराच लहान.

तेव्हा मला हवं आहे ते असं. टन मोजताना हात आखडता ठेवा. साडेतीन म्हणत होतो तिथे दीड निघाला तर दीड लिहा. पण दारात कोणाला कुठल्या रांगेत उभं करायचं हे ठरवताना यंत्राची ताकद बघू नका. ते कोणाचं आहे ते बघा. घरगुती वापराचं किंवा अल्पभूधारकाचं एकेक यंत्र असेल तर अशी पाच हजार असोत की पाच लाख, सुटसुटीत वाट त्यांची. आणि ज्याची वार्षिक उलाढाल शेकडो कोटींत आहे त्याचं यंत्र दोन मेगावॉटचं असलं तरी त्याने मोठ्यांच्या रांगेत यावं, पूर्ण कागदपत्रं द्यावीत, ताळेबंद दाखवावा. त्याला सीए आहे, वकील आहे, त्याला जमतं.

यावर ठरलेला आक्षेप असा की वातावरणाला मालक कळत नाही. टन तो टन, सराफाचा असो की मावशींचा. अगदी बरोबर. पण मग सवलत कोणालाच देऊ नका. लहानांना सवलत ही वातावरणासाठी नव्हतीच कधी. सुटसुटीत कागदपत्रांनी एक ग्रॅमही धूर कमी होत नाही, उलट चुकीची शक्यता वाढते. ती चूक आपण जाणूनबुजून पत्करतो, कारण काही माणसं पूर्ण नियमांचं ओझं उचलू शकत नाहीत. सवलत माणसांसाठी आहे हे मान्य केलं की तिची पात्रताही माणसांवरूनच ठरायला हवी. वातावरणाचं नाव घेऊन आत शिरायचं आणि माणसांसाठीची सवलत उचलायची, हे दोन्हीकडून खाणं झालं.

मुळात हा व्यापारच नको, श्रीमंतांनी आपल्या पापाची भरपाई दुसऱ्याच्या परसात का करावी, असंही एक मत आहे. मला त्याबद्दल आदर आहे. पण बाजार आहे, चालू आहे, आणि त्यात आपल्या देशाने काय विकायचं ते ठरवलेलं आहे, म्हणून त्याच्या अटींवर बोलणं भाग आहे.

काय ठरवलं आहे? क्योटोची जागा आता पॅरिस कराराने घेतली आहे आणि सीडीएमऐवजी सहाव्या कलमाखालची नवी यंत्रणा आली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारत सरकारने या कलमाखाली पात्र असलेल्या तेरा गोष्टींची यादी जाहीर केली. साठवणुकीसह अक्षय ऊर्जा, समुद्रातल्या पवनचक्क्या, हरित हायड्रोजन, हरित अमोनिया, विमानांसाठीचं शाश्वत इंधन, लाटांची-भरतीची ऊर्जा, कार्बन पकडून साठवणं वगैरे. दाबाखाली भरलेला बायोगॅस, म्हणजे सीबीजी, त्यात आहे. त्याचा एकेक प्रकल्प कोट्यवधींचा असतो. मावशींच्या टाकीतला बिनदाबाचा बायोगॅस त्यात नाही.

यादीमागचा विचार मला समजतो, आणि तो निम्मा पटतोही. नव्या करारात विकलेली कपात आपल्या राष्ट्रीय खात्यातून वजा होते. मग स्वस्तात होणारी कपात आपल्यासाठी ठेवावी, आणि जी महागडी आहे, परदेशी पैसा-तंत्राशिवाय होणार नाही, तीच विकावी. शहाणपणाचं धोरण आहे. फक्त त्यात एक गृहीत धरलं आहे की घरगुती बायोगॅस स्वस्त आणि सोपी आहे, आपण सहज करून टाकू. देशात सव्वा कोटीच्या आसपास घरगुती टाक्यांना वाव आहे असा सरकारचाच अंदाज आहे, आणि चार-पाच दशकं अनुदान देऊन झाल्या त्या पन्नास लाखांच्या आसपास. त्यातल्या किती आज पेटतात ते कोणत्याही गावात चक्कर मारून बघावं. गोठ्यामागे गवत उगवलेला घुमट दिसतो, त्यावर कोंबड्या बसलेल्या असतात. जी गोष्ट अर्ध्या शतकात होत नाही तिला सोपी कसं म्हणायचं? यादी पहिल्या तीन वर्षांसाठी होती आणि सुधारायची मुभा तिच्यातच ठेवली होती. चौदावी ओळ घालायला नवा कायदा लागत नाही.

आणि अनुदान जे करू शकलं नाही ते कार्बनचा पैसा करू शकतो, हे या सगळ्या भानगडीतलं एकमेव खरं आकर्षण आहे. अनुदान टाकी बांधल्यावर मिळतं. घुमटाचा प्लास्टर वाळला, साहेबांनी फोटो काढला, संपलं. पुढे टाकी चालते की नाही यात कोणाचा रुपया अडकलेला नसतो. क्रेडिट मात्र वर्षाच्या शेवटी, ज्योत पेटत राहिली तर. म्हणजे प्रथमच कोणाला तरी ती ज्योत पेटती ठेवण्यात स्वार्थ आहे. या स्वार्थाचा उपयोग करून घ्यायचा तर अट कागदातच हवी: कागद मराठीत, मिळणाऱ्या पैशातला घराचा वाटा आकड्यात लिहिलेला, आणि दुरुस्ती विकत घेणाऱ्याच्या माथी.

गेल्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा त्या गावावरून गेलो, म्हणून थांबलो. मावशींच्या चुलीवर आमटी रटरटत होती. गोबरगॅसच्या शेगडीचा बर्नर गंजून भोकं पडली होती आणि नळीला चीर गेली होती. शेण रोज टाकीत पडत होतं, स्लरी उसाला जात होती, गॅस मात्र हवेत. आणि हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती तरी पट उष्णता धरून ठेवणारा. मावशी म्हणाल्या, टॅबवाला पोरगा दोन महिन्यांपूर्वी येऊन गेला. त्याने शेगडीचा फोटो काढला, 'बंद' अशी नोंद केली आणि निघाला. नळी कधी मिळेल म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणाला, मावशी, माझ्या फॉर्मात तो रकाना नाही.